बारा गावांची चरबी

बाटलीचं बूच निघालं आणि पंढरीनं नाक मागं घेतलं.

मग पुन्हा जवळ नेलं. मास्क हनुवटीखाली ओढून, डोळे मिटून त्यानं हुंगलं.

"रेणुका, इकडं ये. याचा वास घे."

सिस्टर रेणुका हातातला ट्रे ठेवून आली. वाकली. "स्पिरिटचा हाय की."

"स्पिरिटच्या मागचा बघ."

"मामा, मला कालच्यापून सर्दी. अन् तुम्हाला सतरा वास येतेत." ती परत निघाली. "अक्का टेबलवर झोपल्यात. सर विचारून राहिले, किती वेळ?"

पंढरीनं बाटली उजेडात धरली. पांढऱ्या चिकटपट्टीवर त्याचंच अक्षर होतं. मुरुड. शिवगंगा. दुसरा डोस.

अशा बारा बाटल्या फ्रीजमध्ये होत्या. एकदा दोन महादेव एकाच दिवशी आले आणि घोटाळा होता होता राहिला, तेव्हापासून पंढरी नावाच्या आधी गाव लिहायचा. औसा, निलंगा, अहमदपूर, मुरुड, पार तिकडं इस्लापूर. बारा गावांच्या पोटातली चरबी एका घरगुती फ्रीजमध्ये शेजारी शेजारी बसलेली. खालच्या कप्प्यात सरांचं ताक.

काल दुपारी वळवाचं वादळ आलं. रस्त्यावरचे खांब आडवे झाले आणि लाईट गेली ती आज पहाटे आली. दवाखान्याला इन्व्हर्टर होता, चांगला मोठा. त्याच्यावर एसी होता, हॉलमधला टीव्ही होता, दारावरचा निळा बोर्ड होता. फ्रीज नव्हता. पंढरीनं तीनदा सांगितलं होतं, "सर, फ्रीजला एक वायर ओढून घ्या." सर म्हणाले होते, इलेक्ट्रिशियनला सांगतो. बोर्ड बंद पडला तेव्हा मात्र इलेक्ट्रिशियन तासाभरात शिडी घेऊन हजर.

पंढरी गजभारे, वय चोपन्न, दहावी पास, मूळ गाव हिमायतनगर. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली, त्यातली नऊ डॉक्टर अमरेश यांच्याकडं. थिएटरात त्याला सगळे मामा म्हणायचे. काम कागदावर मदतनिसाचं. खरं काम वेगळं होतं. सर पोटात सुई घालून चरबी ओढून घ्यायचे आणि नळी त्याच्या हातात द्यायचे. पुढचं सगळं पंढरीचं. निम्मी दुसऱ्या डोसासाठी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायची, उरलेली सलाईननं धुवायची, ती सुटी करणारं औषध घालायचं, अंगाच्या उबेएवढ्या पाण्यात अर्धापाऊण तास हलवत ठेवायची, मग मशीनमध्ये गरगर फिरवायची. वर तेल तरंगतं. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर गाळ बसतो. त्या गाळात काही मूळ पेशी असतात. झिजलेल्या गुडघ्यात नेऊन सोडल्या की त्या तिथली दुरुस्ती करतात, किंवा करणाऱ्याला जागं करतात, असं म्हणतात. किती करतात, कुणात करतात, हे शोधायला मोठमोठे लोक अजून डोकं लावून बसलेत.

लातुरात कुणाला शोधायचं नव्हतं. लातुरात गॅरंटी होती.

पंढरीचा मात्र त्या दाण्यावर जीव होता. खोटं कशाला बोलायचं? त्या दवाखान्यात सगळ्यांत जास्त विश्वास कुणाचा असेल तर त्याचा. सुरुवातीला सरांनी त्याला चार दिवस हैदराबादला पाठवलं होतं शिकायला. काचेची खोली, आत टोपी घातलेली एक पोरसवदा मॅडम. एका डब्याचा अलार्म वाजला, दोन मिनिटं उब कमी झाली होती, तेवढ्यावर तिनं अख्खा डबा लाल पिशवीत फेकला. पंढरीचा जीव हळहळला. "अहो मॅडम, कुणाच्या तर पोटातलं होतं ना ते!" ती हसली नाही. "शक आया तो फेंको, अंकल. सोचना नहीं." तिथं ज्याच्यावर प्रयोग करायचे त्याला आधी समजावून सांगत होते की बाबा, हा प्रयोग आहे. नंतर वर्षभर फोन करून विचारत होते, दुखतं का, सुजलं का.

इथं परत आल्यावर पंढरीनं ते वाक्य मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवलं. शंका आली की फेका. सरांनी आठवड्यात काढायला लावलं. पेशंट बघतात म्हणाले.

आणि वासाचं म्हणाल तर ते हैदराबादचं नव्हतं. ते सरजाबाईचं होतं, त्याच्या आजीचं. तिच्या नवऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. ढोरं ओढत होते तोवर गाव नाक दाबून लांब पळायचं. सोडलं तर तेच गाव चिडलं, आता कोण ओढणार म्हणून, आणि वर्षभर दुकानातून मीठ मिळू दिलं नाही. सरजाबाईनं त्याआधी उभा जन्म चरबी कढवण्यात घातला होता. म्हातारपणी उन्हात बसून नातवाला सांगायची, "चरबी डोळ्याला फशिवती, बाळा. नाकाला न्हाई फशिवत. गोड वास सुटला की समज, ती गेली. नंतरचा घाण वास तर आंधळ्याला बी कळतो."

मुरुडच्या बाटलीला गोड वास होता. पिकून फुटलेल्या सीताफळासारखा.

*

शिवगंगाबाईंनी टेबलवरून मान वळवली. "झालं का हो, पंढरीभाऊ?"

"होऊन राहिलंय, अक्का."

"सावकाश करा. मला काय घाई? मला फकस्त मांडी घालायचीय."

तीन आठवड्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. मुरुडला त्यांचं तुपाचं दुकान. नवरा रेवणप्पा गेल्यावर बारा वर्षं त्यांनीच चालवलेलं. आता मुलगा बसवराज बघायचा. गुडघे गेले आणि सकाळची पूजा खुर्चीवर आली. डाव्या तळहातावर लिंग घेऊन खुर्चीत बसायचं. "पाहुण्यासारखं वाटतंय हो. आपल्याच देवापुढं पाहुणं."

त्या दिवशी गळ्यातली चांदीची डबी काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. जन्मल्यापासून अंगावरून उतरलेलं नाही. थिएटरात गळ्यात काही चालत नाही, रेणुका समजावून थकली. मग पंढरीनं तोड काढली. डबी निर्जंतुक हातमोज्यात घालायची, गाठ मारायची, आणि ती डाव्या मनगटाला पट्टीनं बांधायची. अंगावरून उतरतही नाही आणि सुईच्या वाटेतही येत नाही.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं होतं. "कुठलं गाव तुमचं?"

पंढरीला हा प्रश्न जन्मभर पाठ होता. गाव विचारतात तेव्हा गाव नको असतं. "हिमायतनगर," तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत सांगून मोकळा झाला, "बौद्ध हाव, अक्का. रेणुका सिस्टरला बांधायला लावू का?"

बाईंनी डावा हात पुढं केला. "घट्ट बांधा. सैल झालं की मला भ्याव वाटतंय." तो बांधत असताना म्हणाल्या, "आमच्या सासूबाईचं एक होतं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, काम तडीला गेल्यावर. मधी दुसऱ्याचा हात नको. तवर माझा जीव तुमच्याकडं."

सव्वीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक डॉक्टरला म्हणतात.

आजही त्यानंच बांधलं होतं. बांधताना बाई हळूच म्हणाल्या होत्या, "परवा मांडी घातली, बरं का. घटकाभर. बसवाला सांगितलं न्हाई, नजर लागती." गालातल्या गालात हसल्या होत्या. आणि मग तो बाटली आणायला गेला होता.

*

सर केबिनमध्ये आजच्या गुडघेदुखी शिबिराची यादी बघत होते. बाहेर हॉलमध्ये ऐंशी माणसं. सर उदगीरचे, म्हाताऱ्यांशी दोन शब्द कानडीत बोलायचे, लग्नाकार्याला जायचे. लोक मशीन बघून येत नव्हते. आपला माणूस आहे, आपल्याला काय फसवतो, म्हणून येत होते. परका असता तर चार प्रश्न तरी विचारले असते.

"सर, मुरुडची बाटली गेली."

"गेली म्हणजे? फुटली?"

"खराब झाली. वास येऊन राहिलाय."

"चरबीला वास असतोच, पंढरी."

"ताज्या चरबीला नसतो, सर."

"हां, ते तुला बरं माहीत." सर हसले. पंढरी हसला नाही. सरांनी कशावरून म्हटलं ते त्याला कळलं होतं. सरांनाही कळलं होतं की त्याला कळलंय.

"तीनदा धू. अँटिबायोटिक टाक, पुन्हा फिरव आणि आण."

"फेकून देऊ, सर. अक्काची नवीन काढू. सगळ्याच बाटल्या फेकू. काल पंधरा तास फ्रीज बंद होता."

"हळू बोल." सरांनी दाराकडं बघितलं. "बाहेर तिचा मुलगा माईक घेऊन सांगतोय, आई कशी चालायला लागली. ऐंशी माणसं ऐकतायत. मी आता बाहेर जाऊन काय सांगू, फ्रीज बंद होता?"

"अन् संगप्पाअण्णाचं? आठ दिवस झाले, ताप..."

"संगप्पाला शुगर आहे. शुगरवाल्याला सूज येते." सर उठले. आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ आवाज पंढरीला जास्त वाईट वाटला. "रजिस्टर कोण लिहितं, पंढरी? धुण्याची सही कुणाची असते? प्रत्येक बाटलीवर अक्षर कुणाचं आहे? मी तुझ्यावर विश्वास टाकलाय म्हणून आहे ना? मग जा."

संगप्पा उदगीरचा. एसटीत मेकॅनिक होता, रिटायर झालेला, बोलायला मोठा गमत्या. "पंढरी, माझ्याच पोटाचं ग्रीस माझ्याच बेअरिंगला, अं?" असं म्हणून टेबलवर हसला होता. त्याच्या दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशीही लाईट गेली होती, पाच-सहा तास. त्या दिवशी बाटली उघडल्यावर असाच गोड वास आला होता. पुसट. आला की नाही अशी शंका येण्याइतका.

शंका आली होती. पंढरी गप्प बसला होता. सिरिंज त्यानंच भरून दिली होती.

तिसऱ्या दिवशी संगप्पाचा फोन आला, गुडघा नारळाएवढा झालाय. सरांनी सांगितलं, सूज म्हणजे पेशी कामाला लागल्या, चांगलं लक्षण आहे.

पंढरीनं धुण्याच्या खोलीचं दार लावलं आणि संगप्पाला फोन लावला. बरीच रिंग गेली. उचलला मुलानं, विनोदनं.

"कोण?"

"लातूरहून पंढरी. दवाखान्यातला. अण्णा कसे हायेत?"

पलीकडं गाडीचा आवाज होता. हॉर्न.

"पंढरी म्हणजे बाटल्या धुणारा?"

"हाव."

"काल रातीला नांदेडला नेलं. सकाळी पाय काढला. मांडीपासून." विनोदचा आवाज सपाट होता. "तिथले डॉक्टर म्हणले, गुडघ्यात घाण गेली. तुझ्या सरांना फोन लावला. सर म्हणले, माझं औषध बरोबर होतं, धुणाऱ्यानं घाण केली. तू धुतलं का न्हाई?"



"धुतलं."

"मग थांब तिथंच. मी अन् काका निघालोय. पळू नको, आडनाव माहीत झालंय आम्हाला."

फोन बंद झाला. म्हणजे सरांना सकाळीच कळलं होतं. पाय गेल्याचं कळलं होतं, आणि तरी त्यांनी यादी काढली, माईक लावला, शिवगंगाबाईंना टेबलवर घेतलं. आणि वर म्हणाले, शुगर आहे.

पंढरी बाटलीकडं बघत राहिला. ओतून देणं सोपं होतं. पण मागं एकदा निलंग्याची बाटली फुटली होती, तेव्हा सरांनी औशाच्या बाटलीतलं अर्धं निलंग्याच्या गुडघ्यात घातलं होतं. एकाचं पोट, दुसऱ्याचा पाय. दोघांनाही पत्ता नाही. निलंग्याचा माणूस अजून दिवाळीला सरांना फराळ पाठवतो. ही बाटली ओतली तर अकरा आहेत. अकराच्या अकरा काल पंधरा तास त्याच उकाड्यात शिजल्यात. दुसरी काढतील. तो नसेल तर रेणुकाच्या हातानं काढतील, आणि रेणुकाला सर्दी आहे.

त्यानं बूच लावलं. बाटली तिथंच ठेवली. हातही धुतले नाहीत.

*

सर टेबलापाशी हातमोजे घालून उभे होते. बसवराजला खास आत घेतलेलं, मोबाईलवर शूटिंग करायला. टोपी घालून तो आईच्या डोक्याशी उभा होता.

"आण," सर म्हणाले.

पंढरी रिकाम्या हातानं आला. टेबलाच्या डाव्या बाजूला गेला आणि शिवगंगाबाईंच्या मनगटावरची पट्टी सोडायला लागला.

"काय करतोयस?"

पट्टीचा एक वेढा, दुसरा, तिसरा. मग हातमोज्याची गाठ.

"अजून सुई बी टोचली न्हाई की," बाई म्हणाल्या. "एवढ्यात कामून सोडता?"

"अक्का, घरी जा."

"पंढरी!" सर ओरडले. "बांध ते परत."

"न्हाई बांधत."

"कोण आहे हा?" बसवराज पुढं आला. मोबाईल अजून चालूच होता. "सर, कोण हा माणूस? आईच्या लिंगाला कुणाला हात लावू देता तुम्ही? आडनाव काय तुझं?"

"गजभारे," पंढरी म्हणाला. "पंढरी गजभारे. ऐकू आलं का? चालू राहू दे ते. बाटली खराब झाली. आठ दिवसांपूर्वी बी अशीच होती अन् मी गप बसलो. उदगीरच्या माणसाचा पाय गेला."

"पिऊन आलाय," सर शांतपणे म्हणाले. "बसवराज, माफ करा. हल्ली फार प्यायला लागलाय. काय मिसळतो बाटल्यांत देव जाणे, मला चौकशीच करावी लागणार आहे. रेणुका, तू बांध. आणि मुरुडची बाटली आण."

रेणुका हलली नाही. मग हलली. तिला दोन लेकरं होती, तिचा राग तरी कशाला करायचा?

पंढरीनं डबी हातमोज्यातून काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. तो वाकला होता, त्याची बोटं त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. बाईंच्या नाकपुड्या हलल्या.

त्यांनी त्याचं मनगट धरलं. बोटं नाकाशी नेली. नवऱ्याच्या वेळेपासून चाळीस वर्षं तुपाचे डबे याच नाकानं परत पाठवले होते, व्यापारी हात जोडायचे तरी.

"खवट," त्या म्हणाल्या. मग पुन्हा हुंगून, "न्हाई. त्याच्या बी फुडं गेलंय." पंढरीच्या डोळ्यांत बघून विचारलं, "हे माझ्या पायात घालणार व्हते?"

"हाव, अक्का."

"आई, झोप ना गुमान! सिस्टर बांधतील."

"ज्यानं बांधलं त्यानं सोडलं, बसवा. संपलं काम." त्या उठून बसल्या. "मला खाली उतरव."

"आई, बाहेर मी माईकवर सांगून आलोय सगळ्यांना!"

"मग जाऊन सांग, आई उठून गेली."

बाईंनी डबीचा दोरा गळ्यात घातला. टेबलवरून पाय खाली सोडताना गुडघा कट्‌कन वाजला आणि तोंडातून कण्हणं निघालं. हॉलमधून जाताना त्या दोनदा थांबल्या. ऐंशी माणसं बघत होती. लंगडत जाणारी म्हातारी बघून त्यांना वाटलं, हिचा आजच डोस झाला असेल. एकानं टाळी वाजवली.

दाराशी त्यांनी मागं वळून पंढरीकडं बघितलं, पण बसवराजनं दंड धरून गाडीत बसवलं. आता डोस नाही, म्हणजे त्यांना पुन्हा मांडी घालता येणार नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं आणि पंढरीलाही.

पंढरी हॉलमध्येच उभा राहून ओरडला, "बाटल्या नासल्यात! घेऊ नका कुणी!" दवाखान्याच्या दोघा पोरांनी त्याचे दंड धरले आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. लोक म्हणाले, दारुडा आहे. पाच-सात जण उठून गेले. बाकीचे बसले. आपला माणूस आहे, आपल्याला काय फसवतो.

*

फाटकासमोर नालीवर फरशी टाकलेली होती. पंढरी तिच्यावर बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. एका खिशात तो मोकळा हातमोजा होता, गाठ सुटलेला.

घरी जाता आलं असतं. नांदेडहून विनोदची गाडी निघून अडीच तास झाले होते.

तेवढ्यात लाईट गेली. समोरच्या हॉटेलातला पंखा थांबला, रसवंतीचा चरक थांबला, गल्ली एकदम गप्प झाली. फक्त दवाखान्याच्या भिंतीवरचा एसीचा डबा घरघरत होता, आणि निळा बोर्ड भर उन्हात चालू होता. गुडघेदुखी विसरा. आत फ्रीज बंद पडला असणार. ते ऐकायला आत जायची गरज नव्हती.

अकरा गावं. त्यानं मनातल्या मनात म्हणून बघितली, अक्षर त्याचंच होतं, विसरणार कुठून. औसा. निलंगा. अहमदपूर. इस्लापूरचा डोस आजच होता, दुपारी, स्वतःची गाडी करून येतो म्हणाला होता.

गल्लीच्या तोंडाला एक पांढरी गाडी वळली. धुळीनं भरलेली, काचा काळ्या. लांबून आलेली. इस्लापूरचा म्हातारा असेल. नाहीतर विनोद आणि त्याचा काका. इतक्या लांबून कळत नव्हतं.

पंढरी उठला. फाटकाच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. गाडी हॉर्न देत आली, त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो बाजूला झाला नाही.

वळसा घालून तो खिडकीपाशी गेला आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

"कुठलं गाव?" त्यानं विचारलं.

काच हळूहळू खाली यायला लागली.